बिनअंगठ्याची कार्डं

माझ्या वडिलांनी आयुष्यात सही केली नाही. तलाठ्याच्या दप्तरात, सोसायटीच्या कागदांवर, माझ्या कॉलेजच्या फी माफीच्या अर्जावरसुद्धा त्यांचा डावा अंगठा. त्या अर्जाच्या वेळी मी शेजारी उभा होतो. कारकुनानं वडिलांचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला, शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर टेकवला आणि मग आपली बोटं रुमालाला पुसली. त्याच्या बोटांना शाई लागलीच नव्हती. वडिलांच्या हे ध्यानात आलं का, ते मला माहीत नाही. माझ्या आलं. मी तिथल्या तिथं ठरवलं, की उद्या लेखणी माझ्या हातात आली, तर माझ्या समोरच्या कागदावर मी कुणाचा अंगठा उठू देणार नाही.

चार वर्षांनी मी बी.ए. झालो. पाथर्डीच्या बाजूच्या आमच्या गावात, सगळ्या आळ्या धरून, पहिलाच. आणि त्याच वर्षी पावसानं तोंड फिरवलं.

नोकरी मिळाली ती नगरला, सरकारी रेडिओच्या प्रचार पथकात. तात्पुरती, दर तीन महिन्यांनी हुकूम वाढवून मिळायचा. शेतकऱ्यांसाठी संध्याकाळी रेडिओवर जो कार्यक्रम लागायचा, तो गावोगावच्या लोकांनी ऐकावा म्हणून प्रचार करायचा, हे आमचं काम. एक जीप होती, तिच्यावर कर्णा. भिंती रंगवायच्या, पत्र्याच्या पाट्या ठोकायच्या, हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र असलेली कॅलेंडरं वाटायची. 'रेडिओ ऐका, शेती फुलवा' असं मी स्वतः उभा राहून आमच्या गावच्या आडाच्या कठड्यावर रंगवून घेतलं. आडात तेव्हा तळाला चिखलही उरला नव्हता. पण अक्षर सुरेख आलं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. खोटं कशाला सांगू?

आता रेडिओचं. गावाचा रेडिओ पंचायतीच्या कपाटात कुलपात. त्याची बॅटरी दिवाळीतच संपलेली. आजूबाजूच्या पाच गावांत हीच तऱ्हा. मी साहेबांना सांगितलं. साहेब पुण्याचे, बोलायला गोड.

"हे बघा, बॅटरी आपल्याकडे येत नाही. ती जिल्हा परिषदेची बाब."

"पण साहेब, बॅटरी नाही तर ऐकणार कोण?"

"ऐकणं ही श्रोत्यांची बाब. आपली बाब प्रचार." आणि हसून म्हणाले, "नवीन आहात. होईल सवय."

सवय झाली. महिन्याभरात मीही 'ही आपली बाब नाही' असं म्हणायला शिकलो.

हिवाळ्यात कार्डं छापून आली. जाड, पिवळसर. एका बाजूला रेडिओचं चित्र आणि आमच्या नगरच्या कचेरीचा पत्ता. दुसऱ्या बाजूला तीन प्रश्न: कोणता कार्यक्रम ऐकला, काय आवडलं, शेतीला काय उपयोग झाला. टपालखर्च आधीच भरलेला, म्हणजे पाठवणाऱ्याला तिकीट लागायचं नाही. ही कार्डं गावोगाव वाटायची, लोकांकडून भरून घ्यायची आणि किती परत आली त्यावर प्रचार किती पोचला ते ठरायचं.

एका रविवारी मी गठ्ठा घेऊनच घरी गेलो. थोरला भाऊ बैलगाडी घेऊन कोपरगावकडे, साखर कारखान्याच्या ऊस वाहतुकीला गेलेला. घरी आई-वडील, वहिनी आणि तिची सहा महिन्यांची पोर. वहिनी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आधी ते काम गावाच्या शिवेवर होतं, दुपारी येऊन ती पोरीला पाजून जायची. ते संपलं आणि पुढचं निघालं सहा कोसांवर. तिथं जायचं म्हणजे तिथंच छप्पर घालून राहायचं. पोरीला नेलं तर खडीचा धुरळा, न नेलं तर दूध कुठलं? गावालगत पाझर तलाव मंजूर होता. आखणीचे दगडही रोवून झाले होते. पण काम उघडत नव्हतं. उघडलं असतं, तर वहिनीसारख्या पंधरा-वीस लेकुरवाळ्या बाया घरी राहून कामाला गेल्या असत्या.

वहिनीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"भावजी, हे कुटं जातं?"

"सरकारला."

"पार सरकारला? नगरला, का त्याच्याबी फुडं?"

मी बी.ए. होतो. "पार दिल्लीला," म्हणालो.

ती पोरीला मांडीवर घेऊन समोर बसली. "मंग लिवा. म्हनावं, आमचं तळं उघडा. म्हनावं, पोरगी अंगावर पिती. सा कोसावरनं मी तिला पाजायला कशी यिऊ? सांजचं पाजलं तर सकाळचं कोन पाजील? तुमच्या घरी लेकरं न्हाईत का, म्हनावं."

आई चुलीपासून म्हणाली, "अगं, सरकारला असं इचारत्यात व्हय?"

"मंग कसं इचारत्यात? लेकरं तर असत्यालच की."

मी लिहिलं. तीन प्रश्न छापलेले होते, त्यांच्या खालीवर जी कोरी जागा होती, तिथं लिहिलं. पण तिचं बोलणं लिहिलं नाही. मी लिहिलं: 'सविनय विनंती विशेष की, आमच्या ग्रामातील मातांना रोजगारार्थ दूरवर जावे लागत असल्याने अर्भकांच्या संगोपनाची परवड होत आहे. तरी नियोजित तलावाचे काम सत्वर सुरू करण्याची कृपा व्हावी.' वाचून दाखवलं. वहिनीनं पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"ह्यात माझी पोरगी कुटं हाय?"

"आहे की. अर्भक म्हणजे पोरगीच."

"असंल बया. तुमी शिकल्याले." मग तिनं डावा अंगठा पदराला खसाखसा पुसला आणि पुढं केला. "लावा शाई."

कचेरीनं दिलेलं पॅड माझ्या पिशवीत होतं. मी ते काढलं नाही. "अंगठा नको. मी सही करतो तुझ्या नावाची."

"आन मी हितं बसले ती कशाला?"

"अंगठा म्हणजे अडाण्याचं लक्षण, वहिनी. दिल्लीच्या माणसांनी तुला अडाणी का समजावं?"

"मी हायच की अडानी," ती म्हणाली. "अंगठा न्हाई तर ते माझं हाय, हे त्यांना कसं कळायचं?"

मी हसलो. आणि तिच्या नावाची झोकदार सही केली.

दुपारपर्यंत दारात पंधरा बाया जमल्या. काहींच्या कडेवर पोरं. आमच्या आळीतल्या होत्या, पलीकडच्या बौद्धवाड्यातल्याही होत्या. आमच्या अंगणात त्या एकत्र बसल्या असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दोन बायांनी सांगितलेलं तर आजही कानात आहे. एक म्हणाली, "म्हनावं, पोरगं दिवसभर माझ्या आवाजाकडं कान लावून बसतं आन मी खडीच्या ढिगावर." दुसरी म्हातारी होती, तिला अंगावरचं लेकरूच नव्हतं. ती म्हणाली, "माझं बी लिव. म्हनावं, सुनंला घरी ठिवा, मी जाते सा कोस." मी दोघींच्या कार्डांवर 'सविनय विनंती विशेष की' असंच लिहिलं. सह्या मात्र प्रत्येकीच्या नावाच्या वेगळ्या, थोडी वळणं बदलून केल्या. तेवढी काळजी घेतली मी. पुढच्या दोन महिन्यांत त्या पाच गावांतली अशी कितीतरी कार्डं माझ्या हातानं झाली. तळं, रस्ता, पाण्याचा टँकर. रेडिओचा शब्द एकाही कार्डात नव्हता.

कार्डं नगरच्या आमच्या कचेरीत यायची. मी समजत होतो, तिथून पुढं जात असतील. जात नव्हती. शिपाई ती शंभर-शंभरची बांधायचा, आकडा फळ्यावर लिहायचा आणि गठ्ठे गोदामातल्या पोत्यात टाकायचा. एकदा मी साहेबांपुढं चार कार्डं ठेवली.

"साहेब, ही कार्यक्रमाबद्दल नाहीत. लोकांच्या तक्रारी आहेत. कलेक्टर कचेरीला पाठवू या का?"

साहेबांनी ती न वाचता बाजूला सारली. "कार्ड आलं ना?"

"आलं."

"मग झालं. वाचत बसलात तर मोजणार कधी?"

त्यानंतरही मी गावात जाऊन कार्डं लिहीत राहिलो. बाया विचारायच्या, "काय उत्तर आलं का?" मी म्हणायचो, "येईल. दिल्लीचं काम आहे." कार्डं कुठं पडलीत हे ठाऊक असताना म्हणायचो.

होळीच्या आधी बातमी आली, की संसदेची समिती येतेय. दिल्लीत कुणी विचारलं होतं म्हणे, रेडिओच्या प्रचारावर एवढा खर्च होतो, तो ऐकतं कोण? म्हणून खासदार स्वतः जिल्ह्यांत फिरून पाहणार होते. आमच्या कचेरीची झोप उडाली. जीप धुतली. भिंतींचे फोटो चिकटवून जाड वही केली. साहेब शिपायाला म्हणाले, "ती पोती काढा रे. प्रतिसाद दिसला पाहिजे."

मला मात्र आनंद झाला. वाटलं, आता कुणीतरी वाचणार. आदल्या दिवशी मी गोदामात गेलो, आमच्या गावचा गठ्ठा शोधला, त्याला लाल सुतळी बांधली आणि पोत्याच्या अगदी वर ठेवला. सगळ्यात वर वहिनीचं कार्ड.

सरकारी विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात बैठक झाली. लांब टेबल, चहा, बिस्किटं. समितीचे अध्यक्ष वयस्कर, हिंदी बोलणारे. आणखी तीन-चार जण. त्यांच्यात एक मराठी होते, विदर्भाकडचे, मूळचे वकील. प्रश्न विचारत होते ते तेच. कॅलेंडरं किती वाटली? कुणाला? पाटी लावलेल्या गावात रेडिओ चालू आहे हे कोण पाहतं? साहेब प्रत्येक प्रश्नाला फोटोंची वही पुढं सरकवत होते. मला भिंतीशी उभं राहून बरं वाटत होतं. मनात म्हणत होतो, विचारा, आणखी विचारा.

साहेबांनी शेवटी पोत्याकडं बोट केलं. "सर, लोकांचा प्रतिसाद."

वकील उठले, वाकले. माझा लाल सुतळीचा गठ्ठा त्यांच्या हाती आला. त्यांनी पहिलं कार्ड वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं.

"भाषा सुंदर आहे," ते म्हणाले. माझी छाती फुगल्यासारखी झाली. "कुणाची आहे?"

मी पुढं झालो. "मी लिहिलंय, सर. बायांनी सांगितलं, मी लिहिलं."

"हे दुसरं?"

"तेही मीच."

"आणि हे? 'सविनय विनंती विशेष'?"

"हो."

त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "या बाईंना लिहिता येतं?"

"नाही."

"मग खाली सही कुणाची?"

"मी केली."

"त्यांच्या नावानं?"

"हो, पण त्यांच्या समोर."

"लिहिता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेतात. एवढं तुम्हाला माहीत असेल. शिकलेले दिसता. अंगठा कुठंय?"

"घेतला नाही."

"का?"

काय सांगणार होतो? वडील, कारकून, तो रुमाल? त्या टेबलापुढं, बिस्किटांच्या बशांपुढं? मी म्हणालो, "गरज वाटली नाही."

त्यांनी सगळा गठ्ठा पत्त्यांसारखा टेबलावर पसरला. एकच हात, एकच शाई, एकच सुरुवात. आणि मग ते अध्यक्षांना इंग्रजीत म्हणाले, की प्रतिसाद म्हणून जे दाखवलं जातंय, ते याच कचेरीच्या माणसानं बसून तयार केलेलं आहे. प्रत्येक शब्द मला कळला. त्यासाठीच तर शिकलो होतो.

"सर, मजकूर खरा आहे," मी म्हणालो. आवाज चढला होता. "तळं मंजूर आहे. बाया खऱ्या आहेत. चला माझ्याबरोबर, दाखवतो."

ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "असतील. पण यात रेडिओ कुठंय? मी प्रचाराचा खर्च तपासायला आलोय. श्रोत्यांची म्हणून तुम्ही ही माझ्यापुढं ठेवलीत. यातलं खरं कुठलं आणि तुमचं कुठलं, मी कसं ओळखू? तळ्याचं कलेक्टरांना सांगा."

साहेबांना तेवढ्यात वाचा फुटली. "तात्पुरता माणूस आहे, सर. जरा उतावीळ. आम्हाला कल्पनाच नव्हती."

त्या वकिलाचं काही चुकलं असं मी आजही म्हणू शकत नाही. त्याच्या जागी मी असतो, तर मीही हेच केलं असतं. साहेबांना शिव्या देऊन मोकळं होता येतं, या माणसाच्या बाबतीत तीही सोय नाही. लुच्चेगिरी पकडायला आलेला एक चोख माणूस. त्या सगळ्या प्रकरणातली खरी होती तेवढीच कार्डं त्यानं खोटी ठरवली, आणि खोटी दिसावीत अशी ती मीच करून ठेवली होती.

माझा हुकूम पुढं वाढला नाही. समितीचा अहवाल छापून आला तेव्हा मी तो नगरच्या वाचनालयात जाऊन शोधून वाचला. प्रतिसादाची काही पत्रं कर्मचाऱ्यांनीच रचलेली दिसली, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. कार्डांची योजना बंद करावी, असंही होतं. भिंती आणि पाट्यांबद्दल फार काही नव्हतं. साहेब पुण्याला गेले, मोठ्या कचेरीत.

पण तो अहवाल पुढचा. बैठकीच्या दिवशी मी दुपारच्या एस.टी.नं गावी गेलो. वहिनी अंगणात पोरीला न्हाऊ घालत होती.

"काय म्हनले दिल्लीवाले?"

मी सगळं सांगितलं. अंगठ्याचंसुद्धा. लपवलं नाही. ती पोरीचं अंग पुसत राहिली. मला वाटलं होतं, म्हणेल, मी सांगितलंच हुतं. तसं काही म्हणाली नाही.

"मला न्यायचं हुतं की," म्हणाली.

"कुठं?"

"तितं. त्यांच्या म्होरं. पोरीला घिऊन उभी ऱ्हायले असते. मंग इचारलं असतं त्यांनी, कार्ड कुनाचं, म्हनून? एस.टी.नं दोन तासाचं तर नगर."

तिला न्यावं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गठ्ठ्याला सुतळी बांधायचं सुचलं, हे सुचलं नव्हतं.

तळ्याच्या आशेवर इतके दिवस थांबलेली ती दोन दिवसांनी सहा कोसांवरच्या कामाला निघाली. पोर माझ्या आईजवळ राहणार होती. निघण्याच्या आदल्या दुपारी वहिनीनं माझ्या पिशवीतलं एक कोरं कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं.

"माझ्या भावाला लिवा. आष्टीकडं. सरकारचा पत्ता खोडा, तिकीट लावा. आन मी म्हनते तसंच लिवा. तुमचं घालू नका त्यात."

मी लिहिलं. "दादा, मी कामाव चालले. पोरगी घरी हाय. दूध न्हाई. तू बघ." एवढंच. मी थांबलो, अजून काही येईल म्हणून.

"झालं," ती म्हणाली. पॅड मी आता काढलं होतं, पण तिनं तिकडं पाहिलंही नाही. चुलीवरचा तवा पालथा केला, बुडाची काजळी अंगठ्यावर घेतली आणि कार्डावर असा दाबला, की मागच्या बाजूच्या रेडिओच्या चित्रावर उंचवटा उठला.

तळ्याचं काम निघालं ते पुढच्या वर्षी, पेरण्या उरकल्यावर, तेव्हा गावात कुणाला त्याची गरज नव्हती. वहिनीचं दूध तिकडच्या पहिल्याच पंधरवड्यात आटलं.

पण तिचा भाऊ आला. कार्ड टाकल्याच्या आठव्या दिवशी, पायी, एक दुभती शेळी हाकत. आईनं पोरीला त्याच्या मांडीवर दिलं. चहा पिताना त्यानं मुंडाशातून ते कार्ड काढलं. घामानं मऊ झालं होतं, काजळी पसरली होती.

"पाव्हनं, हे कुनी लिवलं वो?" त्यानं मला विचारलं. "आमच्या मास्तरनं वाचून दावलं आन वाटलं, बहीनच दारात उभी ऱ्हाऊन बोलती हाय. अंगठाबी तिचाच. बघा, हितं खिळ्याची खूण हाय, लहानपनी लागल्याली."

मी पाहिलं. खूण होती. ती घरात आल्यापासून पाच वर्षं तिच्या हातचं जेवत होतो, मी ती कधी पाहिली नव्हती.

"कुनी लिवलं?" त्यानं पुन्हा विचारलं.

"तिनंच," मी म्हणालो, आणि शेळीला पाणी दाखवायच्या निमित्तानं उठून बाहेर गेलो.